परदेशात मिशनवर जाताय? आठवडा सोमवारपासून लावा

आपल्या चर्चकडून मिशनचा कॉल, म्हणजे धर्मप्रसाराला जायचं बोलावणं, आला आणि त्यात देशाबाहेरचं नाव निघालं की घरात आधी रडारड होते, मग बॅग भरायची घाई. बॅगेत काय न्यायचं हे सांगणारे पुष्कळ भेटतात, पण तिथे पोचल्यावर एकेक आठवडा कसा काढायचा ते नीट कोणी सांगत नाही, म्हणून हे लिहितेय. मी फिलिपिन्समध्ये मनिलाच्या दक्षिणेला लगूना प्रांतात 18 महिने सिस्टर मिशनरी होते. तुमचा कॉल ब्राझीलचा असो नाहीतर जपानचा, पावसाचं आणि जेवणाचं सोडून बाकी बरंचसं तुम्हालाही लागू पडेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. लोक ज्याला मॉर्मन चर्च म्हणतात त्याचं खरं नाव द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, 1830 साली न्यूयॉर्क राज्यात सुरू झालं, मुख्यालय सॉल्ट लेक सिटीला. मुलगे 24 महिने जातात, मुली 18, पगार नसतो, कुठे जायचं ते आपण ठरवत नाही. मुलगा एल्डर आणि मुलगी सिस्टर, पुढे आडनाव, स्वतःचं पहिलं नाव घरी येईपर्यंत ऐकायला मिळत नाही. आणि सगळं जोडीने, कंपॅनियन म्हणजे आपली जोडीदार कायम नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात. फिलिपिन्समध्ये हे काम 1961 ला सुरू झालं, आज तिथे 8 लाखांहून जास्त सभासद आहेत, त्यामुळे गाव कितीही लहान असलं तरी आपलं म्हणणारं एखादं घर सापडतंच, आणि पहिल्या महिन्यात तोच खरा आधार असतो.

आता मुद्द्याचं. बहुतेक मिशनमध्ये सोमवार म्हणजे पी-डे, तयारीचा दिवस. नवीन मिशनरी त्याला सुट्टी समजतात, मीही समजले होते, आणि तिथेच आठवडा हातातून जातो. तो दिवस संध्याकाळी सहाला संपतो, सहानंतर बिल्ला लावून पुन्हा कामावर. म्हणजे हातात मोजून अर्धा दिवस, त्यात कपडे, बाजार, साफसफाई, घरी कॉल, मिशन प्रेसिडेंटना दर आठवड्याचं पत्र, जमलं तर थोडं खेळणं. मंगळवार ते रविवार यातलं काहीही करायला वेळ मिळत नाही, काही म्हणजे काहीच नाही.

सगळ्यात आधी कपडे. उठल्या उठल्या, नाश्त्याच्याही आधी. तिथे आमच्याकडे वॉशिंग मशीन नव्हतं, पालांग्गाना म्हणजे मोठं पसरट घमेलं, लांबलचक साबणाची वडी आणि आपले दोन हात. (अंघोळीला बादली आणि ताबो, ताबो म्हणजे आपला मगच की, या बाबतीत भारतातून गेलेल्यांना काही शिकावं लागत नाही, अमेरिकेतून आलेल्या सिस्टर्सना मात्र मी शिकवलंय.) जूनपासून पाऊस लागतो तो ऑक्टोबरच्या पुढेही चालतो आणि कपडे वाळायला दोन-दोन दिवस लागतात. एका सोमवारी आम्ही सान पाब्लोच्या तळ्यावर फिरायला गेलो आणि धुणं संध्याकाळवर ढकललं. संध्याकाळी लाईट गेली, तिथे ब्राउनआऊट म्हणतात, अंधारात जेमतेम पिळून टाकलं, आणि बुधवारी मी दमट स्कर्ट तसाच घालून एका लोलाकडे, म्हणजे आजींकडे, शिकवायला बसले. कुबट वास माझा मलाच येत होता. आजी काही बोलल्या नाहीत. उठल्या, आतून टेबलफॅन आणला, माझ्याकडे तोंड करून लावला आणि परत येऊन बसल्या, मला घाम आलाय असं समजून की काय माहीत नाही, पण तो अख्खा तासभर पंखा माझ्या स्कर्टवर चालू होता. त्या दिवसापासून सोमवारी साडेसहाला पहिलं पाणी घमेल्यात. बुटांचे दोन जोड न्या, एक वाळत असताना दुसरा पायात, आणि रोज रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा.

मग घरी कॉल. 2019 च्या आधी मिशनरी फक्त नाताळला आणि मदर्स डेला फोन करायचे, बाकी आठवड्याला एक ईमेल, आता दर आठवड्याला व्हिडिओ कॉल करता येतो. फिलिपिन्सचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे, तिथे सकाळचे नऊ म्हणजे घरी साडेसहा. माझी आई तेव्हा डब्याच्या पोळ्या लाटत असायची, फोन पिठाच्या डब्याला टेकवलेला, मला तिचा हात आणि लाटणं एवढंच दिसायचं आणि तेवढ्यानेच घसा दाटायचा. तर दोन गोष्टी करा. एक, कॉलची वेळ ठरवून टाका आणि ती घरच्यांच्या सोयीची ठेवा, आई घाईत असेल तर दोघींचंही बोलणं होत नाही, मी नंतर दुपारी साडेबारा केली, घरी दहा, तेव्हा कुठे तिचा चेहरा दिसायला लागला. दोन, आणि हे फार मनापासून सांगते, आठवडाभराचं दुःख कॉलसाठी साठवून ठेवू नका. मंगळवारी कोणी दारातून हाकललं तर ते मंगळवारी रात्रीच कंपॅनियनला सांगा. सहा दिवस साठवलं की सोमवारी आईसमोर बांध फुटतो, मग आई तिकडे आठवडाभर झोपत नाही आणि आपल्याला तिची काळजी लागते. मी आठवडाभर डायरीत घरी सांगायच्या चांगल्या गोष्टी टिपून ठेवायचे, तीन पुरतात.

बाजार दुपारी. महिन्याचे पैसे कार्डवर येतात आणि पहिल्या आठवड्यात आपण श्रीमंत असतो. चार पाकिटं करा, प्रत्येकावर सोमवारची तारीख टाका, एका वेळी एकच उघडा. जीपनी (शेअर जीप) आणि ट्रायसिकल (आपल्या रिक्षासारखी) यांचं भाडं आणि प्यायच्या पाण्याचा मोठा कॅन हे आधी बाजूला काढा, भाजी-मासे उरलेल्यात. पालेंग्के म्हणजे मंडई, तिथे आपल्या ओळखीचं खूप काही मिळतं, अळूची पानं, चिंच, बिंबलं, सुकी मासळी. मूग तर हमखास, शुक्रवारी घरोघरी मोंगो शिजवतात, आपल्या मुगाच्या आमटीची बहीण, मी त्यात नेलेलं हळद-जिरं टाकायचे आणि कंपॅनियन पातेलं पुसून खायची. घरून मसाला न्याच, लोणचं मात्र फुटतं, अनुभव आहे.

चहाचं सांगून ठेवते. आपल्या चर्चमध्ये चहा-कॉफी चालत नाही हे घरी सोपं असतं, तिथे प्रत्येक दारी पाहुण्याला कॉफीचं पाकीट फोडतात आणि नाही म्हटलं की माणसं कानकोंडी होतात. नुसतं नाही म्हणू नका, लगेच पुढे पाणी मागा. नाहीतर सालाबात आहे का विचारा, आल्याचा काढा असतो, चहापत्ती नसते, पावसात दिवसभर फिरून तो घेतला की घरच्या चहाची आठवण थोडी शांत होते.

पी-डेला दुपारी झोपायचं की खेळायचं यावर कंपॅनियनशी भांडण होणारच. आळीपाळीने ठरवा आणि विषय संपवा.

मंगळवारपासून रोजचं चक्र एकच. साडेसहाला उठायचं, व्यायाम, नाश्ता, मग शास्त्राचा अभ्यास आधी एकटीचा मग जोडीने, मग भाषा, आणि दहा-अकराच्या सुमारास बाहेर. रात्री साडेनऊच्या आत घर, उद्याचं प्लॅनिंग, साडेदहाला दिवे बंद. मंगळवारी आमची डिस्ट्रिक्ट कौन्सिल असायची, आसपासच्या जोड्या एकत्र बसून कोणाचं काय चाललंय ते बोलायच्या. दर सहा आठवड्यांनी ट्रान्सफर, एरिया किंवा कंपॅनियन बदलू शकते, म्हणून सामान कधीच दोन बॅगांच्या वर जाऊ देऊ नका.

भाषेचा तास बुडवू नका, बाकी काही बुडलं तरी चालेल असं मी म्हणणार नाही पण भाषा अजिबात नाही. तिथली टॅगालोग भाषा ऐकायला परकी वाटते आणि मग एकेक ओळखीचं तोंड दिसायला लागतं, मुखा म्हणजे चेहरा, गुरो म्हणजे शिक्षक, आसा म्हणजे आशा, दुखा म्हणजे गरीब, संस्कृतातून तिकडे गेलेले शब्द आहेत हे. मला मनिलाच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये पहिल्यांदा मुखा कळला तेव्हा इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. माझी पहिली कंपॅनियन सेबू बेटावरची, तिची भाषा सेबुआनो, टॅगालोग तीही शाळेत शिकलेली, त्यामुळे व्याकरणात ती माझ्यावर कधी चिडली नाही. वाक्यात पो घालायला विसरू नका, आपल्या अहो-जाहोसारखा मान त्या एका अक्षरात आहे, व्याकरण चुकलं तर हसतात पण पो राहिला तर मोठ्या माणसांना लागतं.

दारात कसं उभं राहायचं हेही शिकावं लागतं. तिथे बेल वाजवत नाहीत, फाटकाबाहेर उभं राहून ताओ पो अशी हाक मारतात, शब्दशः बघितलं तर माणूस आलाय हो. एक हाक, थांबा, दुसरी हाक, मग पुढचं घर. फाटकाला हात लावू नका, कुत्रं असतंच. घरात बाई माणूस नसेल तर आम्ही आत जायचो नाही, बाहेर बाकावर बसून बोलायचो, तसा नियम आहे आणि तो बरा आहे. लोक तोंडावर नाही म्हणत नाहीत. पुढच्या वेळी बघू हं, असं गोड हसून म्हणतात, पहिले दोन महिने मी ते खरं मानून वहीत तारीख लिहायचे आणि मग बंद दारासमोर उभी राहायचे. दोनदा ऐकलं की समजून घ्या, नमस्कार करा, त्यांच्या मुलांची चौकशी करा आणि निघा. आपण त्यांच्या दारात पाहुणे आहोत, देश त्यांचा आहे, बहुतेक घरात कॅथलिक देव्हारा आहे आणि त्यावर त्यांची श्रद्धा आहे, त्याविषयी वाकडा शब्द कधीच नको.

गुरुवार किंवा शुक्रवारी आठवड्याचं प्लॅनिंग, दीड-दोन तास. इथे बहुतेक जोड्या फक्त वेळा भरतात. तसं नका करू. एकेक माणसाचं नाव घ्या आणि या माणसाला या आठवड्यात काय हवंय ते दोघींनी बोला, कधी धडा हवा असतो, कधी नुसतं कोणीतरी येऊन बसायला हवं असतं. आणि प्रत्येक वेळेला त्याच गल्लीतलं दुसरं नाव लिहून ठेवा, कारण पहिलं घर बंद निघालं की भर उन्हात रस्त्यावर उभं राहून आता कुठे जायचं यावरच दोघींचं बिनसतं. शेवटी एकमेकींना विचारायचं, माझं काय खटकतंय. याला इन्व्हेंटरी म्हणतात, ती टाळायची इच्छा होते, टाळू नका. मी सकाळी भांडी आपटते हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

वादळाचं वेगळं बोलते. तिथल्या हवामान खात्याचं नाव पागासा, आणि पाग-आसा म्हणजे आशाच. वादळाच्या इशाऱ्याचा सिग्नल नंबर लागला की मिशनकडून मेसेज येतो, तो येईपर्यंत थांबू नका, सगळ्या बादल्या भरा, फोन आणि पॉवर बँक चार्ज करा, तांदूळ आणि डबाबंद मासे घरात हवेत. पासपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत, वरच्या फळीवर. आणि घरी कळवायची परवानगी मागून घ्या, आईला बातम्या आपल्याआधी कळतात.

शनिवारी रविवारची आठवण करून देत फिरायचं, ज्याला चर्चला यायचंय त्याला ट्रायसिकलचं भाडं जमतंय का हेही हळूच विचारायचं. बाप्तिस्मा, म्हणजे पाण्यात बुडवून चर्चमध्ये घ्यायचा विधी, असेल तर बहुतेक वेळा शनिवारीच, टाकीत पाणी भरायला तास न् तास लागतात, सकाळीच नळ सोडा. रविवारी दोन तासांची सभा, ब्रेड आणि पाण्याचं प्रभुभोजन, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन जेवणांचा उपास, त्या दिवशी दुपारी लांब चालायचं ठेवू नका, चक्कर येते. रविवारी खरेदी नाही, धुणंही नाही, म्हणून शनिवारी रात्री घरात पाणी आणि तांदूळ आहेत ना बघून घ्या.

आणि रविवारी रात्री झोपायच्या आधी एकच काम. सकाळी साडेसहानंतर सगळी गल्ली धुणं काढते आणि नळाची धार बारीक होते, म्हणून रात्रीच दोन्ही बादल्या भरून झाकून ठेवा, घमेलं पालथं करून शेजारी, साबणाची वडी वर. मग दिवे बंद.