टर्नटेबलला मॅट कुठली घ्यायची: आधी प्लॅटर बघा, मग पैसे काढा

मॅट म्हणजे टर्नटेबलच्या फिरत्या थाळीवर, म्हणजे प्लॅटरवर, रेकॉर्डखाली घालायची गोल चकती. ती बदलली की आवाज बदलतो का, तर हो बदलतो, पण किती बदलेल ते तुमच्या प्लॅटरवर ठरतं, मॅटच्या किमतीवर नाही. म्हणून ऑनलाइन ऑर्डर टाकायच्या आधी पाच मिनिटं मशीनसमोर बसा.

मशीन बंद करा, आर्म (सुई धरणारा दांडा) लॉक करा, मॅट काढून ठेवा आणि प्लॅटरच्या कडेवर बोटाने हलकेच टकटक करा. पातळ अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर जेवणाच्या ताटासारखा टण्ण वाजतो आणि आवाज रेंगाळतो. तसं असेल तर मॅटला खरंच काम आहे, कारण तो कंप रेकॉर्डमधून सुईपर्यंत पोचतो आणि सुईला गाणं कुठलं आणि धातूचा कंप कुठला ते कळत नाही, ती दोन्ही वाचते. जाड अ‍ॅक्रिलिकचा प्लॅटर असेल तर नुसता टप असा आवाज येऊन संपतो, त्यावर बहुतेक वेळा मॅटच लागत नाही, रेकॉर्ड थेट ठेवा आणि ते पैसे रेकॉर्ड धुण्याच्या ब्रशवर घाला. मग मॅट परत घालून रेकॉर्ड ठेवा, प्लॅटर थांबलेला असतानाच सुई रेकॉर्डवर टेकवा, व्हॉल्यूम अगदी थोडा, आणि प्लॅटरच्या कडेला परत हलकं टकटक करून स्पीकरमध्ये काय येतं ते ऐका. बारीक धप्प आला तर आहे तीच मॅट बरी आहे, टणटणीत शेपटी ऐकू आली तर बदला.

सुटकेससारखं छोटं मशीन असेल, प्लॅटर रेकॉर्डपेक्षा लहान आणि आर्मला मागे काउंटरवेटच (सुईचा दाब ठरवणारं वजन) नाही, तर त्याला मॅट घेऊ नका, काही मिळणार नाही त्यातून.

आता मटेरियल. फेल्ट (दाबून केलेलं लोकरीसारखं कापड) सगळ्यात स्वस्त आणि बऱ्याच मशीनसोबत तीच येते, पण मला ती अजिबात आवडत नाही, धूळ आणि केस धरते, आणि एसीच्या कोरड्या खोलीत स्टॅटिकमुळे रेकॉर्ड उचलली की खाली चिकटून वर येते आणि मग धप्पकन पडते, सुईवर पडली तर संपलंच. डीजे लोकांची स्लिपमॅट म्हणजे मुद्दाम सरकण्यासाठी केलेली फेल्ट, हाताने रेकॉर्ड धरली तरी खाली प्लॅटर फिरत राहावा म्हणून, घरी ऐकायला तिचा काय उपयोग? काचेच्या प्लॅटरवर मात्र, रेगा प्लॅनर ३ वगैरे, कंपनीने फेल्ट विचार करूनच दिलेली असते, तिथे घाईने बदलू नका.

रबर जड असतं, धातूचा टणटणाट चांगला दाबतं. टेक्निक्स एसएल-१२०० सारख्या मशीनला जाड रबर मॅट मिळते ती तशीच ठेवली तरी छान. फक्त अगदी मऊ, स्पंजसारखं काही घेऊ नका, बास ढिला होतो. योगा मॅट कापून किंवा कपाटात घालायचा जाळीदार प्लास्टिक लायनर कापून घालणारे भेटतात, कृपा करून करू नका, असलं मऊ प्लास्टिक रेकॉर्डला चिकटून डाग पाडू शकतं.

माझी पसंती कॉर्क, आणि त्यातही कॉर्क-रबर मिश्रण. कॉर्क म्हणजे झाडाची साल, जगात सगळ्यात जास्त पोर्तुगालमध्ये निघते. हलकी, स्टॅटिक कमी, रेकॉर्डला चिकटत नाही. नुसत्या स्वस्त कॉर्कचे दाणे सुटतात आणि ते खाचेत गेले की कुरकुर सुरू, म्हणून मिश्रण बरं. महागडी इम्पोर्टेड घ्यायची नसेल तर गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात विचारा, म्हापसा, मडगाव, फोंडा कुठेही, गॅस्केट करायला कॉर्क-रबरची शीट वापरतात, २ किंवा ३ मिमीची सपाट बघून घ्या, तेलाचा वास येत असेल तर नको. २९.५ सेंमी व्यासाचा गोल, मधे साडेसात मिमीचं भोक, नवीन ब्लेडने एकाच दमात कापा. भोक बरोबर मधोमध हवं. मग फिरवून बाजूने बघा, मॅट वरखाली होत असेल तर ती शीट जाडीला सारखी नाही, दुसरी घ्या.

एक गोष्ट आपल्याकडे गोव्यात बघायलाच हवी. जुन्या कोंकणी गाण्यांच्या रेकॉर्डी बऱ्याच घरांत ७ इंची असतात, आणि काही मॅटना फक्त बाहेरच्या कडेला उंच रिंग असते, १२ इंची तिच्यावर नीट बसते पण ७ इंची मधल्या खड्ड्यात पडते किंवा तरंगते. घरात छोट्या रेकॉर्डी असतील तर सपाट मॅटच घ्या.

आता जाडी, इथेच बहुतेकांचं चुकतं. नवीन मॅट जुनीपेक्षा जाड असली की रेकॉर्ड वर येते आणि आर्मचं मागचं टोक खाली राहतं. ९ इंची आर्मला साधारण ४ मिमी उंचीचा फरक म्हणजे सुईच्या कोनात एक अंश. ऐकायला वाटतं की नवीन मॅटने बास वाढला, वरचे सूर दबले, पण त्यात मॅटचा भाग किती आणि कोनाचा किती ते कळतच नाही. आर्मची उंची बदलता येत असेल तर मॅट जेवढी जाड झाली तेवढा आर्म वर करा, रेकॉर्डला समांतर आणा, मग सुईचा दाब परत मोजा. उंची बदलता येत नसेल तर जुन्या मॅटच्याच जाडीची घ्या, विषय संपला. ऑटोमॅटिक मशीनमध्ये तर जास्त जपा, जाड मॅटवर उचललेला आर्म रेकॉर्डच्या वर पुरेसा सुटत नाही आणि सुई घासत जाऊ शकते. मधली दांडीही बघा, जाड मॅटवर ती रेकॉर्डच्या भोकातून जेमतेम वर येते.

तुलना करताना एकच रेकॉर्ड, एकच जागा, व्हॉल्यूमला हात लावायचा नाही. मी ख्यालाची एलपी लावतो, किशोरीताई आमोणकरांची असली तर उत्तमच (त्यांच्या आई मोगूबाई आपल्या गोव्यातल्या कुर्डीच्या), कारण सुरुवातीला नुसता तानपुरा असतो आणि प्लॅटर वाजत असेल तर तानपुऱ्याची तार जाड, धुरकट ऐकू येते. चांगली मॅट असली की तार सुटी होते आणि दोन सुरांमधली जागा शांत होते. मग तबल्याचा बायां (डग्गा) ऐका, घुमारा वेळेवर थांबतो की पसरतो ते बघा. दोन्ही मॅटमध्ये फरक ऐकू आला नाही तर स्वस्तवाली ठेवा.

आणि गोव्यात पावसाळा धरूनच विचार करा. जून ते सप्टेंबर चामड्याच्या चपला-पट्ट्यांचं काय होतं ते प्रत्येक घराला माहीत आहे, लेदर मॅटचं तेच होतं, दिसायला कितीही सुंदर असली तरी मी कुणाला घ्यायला सांगणार नाही. फेल्टही ओल धरते. कॉर्क कोरड्या कापडाने पुसायची, पाणी लावायचं नाही. रबर सौम्य साबणाने धुता येतं, सावलीत पूर्ण वाळवून मगच परत घाला. ऐकून झालं की रेकॉर्ड मॅटवर ठेवून देऊ नका, कव्हरमध्ये घाला, आणि पावसात बरेच दिवस मशीन लावणार नसाल तर मॅट काढून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात आडवी, सपाट ठेवा, गुंडाळलेली मॅट नंतर कडेला वर उचललेलीच राहते.