उजव्या विचाराचं, पण कुणाच्या दावणीला न बांधलेलं राजकीय लिखाण कसं करावं

२८ जून २०२४ ला अजित पवारांनी विधानसभेत लाडकी बहीण योजना जाहीर केली आणि तोपर्यंत फुकट वाटपावर तावातावाने लिहिणारे माझ्या ओळखीतले दोन-तीन उजवे लेखक एकदम चिडीचूप झाले. आदल्या वर्षी कर्नाटकात काँग्रेस सरकारने महिलांना महिना २,००० रुपये द्यायला सुरुवात केली तेव्हा हेच लोक तिजोरी रिकामी होणार म्हणून रोज लिहीत होते. इथे सरकार आपलं, म्हणून गप्प. मला ते फार लागलं, कारण मीही त्याच विचाराचा आहे, आणि वाचकाला असं गप्प बसणं बरोब्बर कळतं, मग पुढे तुम्ही खरं लिहिलंत तरी तो विश्वास ठेवत नाही. म्हणून जे नवीन लिहायला लागलेत त्यांच्यासाठी माझी पद्धत सांगतो.

सगळ्यात आधी आपण उजवे म्हणजे नेमके काय ते एका कागदावर लिहून काढा. हे सोपं वाटतं पण नाहीये. १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात सहकारी शेतीचा ठराव झाला, त्याच्या विरोधातून राजाजी (सी. राजगोपालाचारी) आणि मिनू मसानींचा स्वतंत्र पक्ष उभा राहिला, १९६७ ला लोकसभेत त्यांचे ४४ खासदार होते. त्यांचं म्हणणं, सरकारने लोकांच्या शेतात आणि धंद्यात हात घालू नये. शेतकरी संघटनेचे शरद जोशी पुढे शेतमालाच्या बाजाराबद्दल तेच सांगत राहिले. टिळकांचं वेगळं. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला, म्हणजे मुलींशी शरीरसंबंधाचं किमान वय दहावरून बारा करणाऱ्या इंग्रजांच्या कायद्याला त्यांनी विरोध केला पण मुलींची लग्नं सोळाच्या आत करू नयेत असंही ते म्हणत होते, मुद्दा हा होता की सुधारणा समाजाने आतून करावी, परक्या सरकारच्या कायद्याने नको. आता खर्चाला आवर, परंपरेचा मान आणि राष्ट्राची सुरक्षा या तिन्ही गोष्टी उजव्या म्हणवल्या जातात पण त्या एकमेकींशी भांडतातही. तुमची पहिली कोणती ते ठरलं नसेल तर पक्ष सांगेल ती तुमची होते. माझी पहिली आहे सरकारी खर्च, म्हणून पुढचं उदाहरण त्यातलंच.

दुसरं, बातमीवर लिहू नका, कागदावर लिहा. अर्थसंकल्पाचं भाषण आणि आकड्यांची पुस्तकं राज्याच्या वित्त विभागाच्या साइटवर मराठीत असतात, त्याच सुमारास आर्थिक पाहणी येते, आणि झालेल्या खर्चाची तपासणी कॅगच्या, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात मिळते, तो उशिरा येतो पण सोन्यासारखा असतो. लाडकी बहीणचंच बघा. जाहीर करताना वर्षाला ४६,००० कोटी सांगितले. महिन्याला १,५०० म्हणजे एका बाईला वर्षाला १८,०००, भागाकार केला की साधारण अडीच कोटी बायका येतात. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तरतूद ३६,००० कोटी, म्हणजे बरोबर दोन कोटी बायकांचे पैसे. मग उरलेल्यांचं काय, हा प्रश्न साध्या भागाकारातून निघतो, त्यासाठी कुठल्या नेत्याचं भाषण लागत नाही. त्याच वर्षी महसुली जमा ५,६०,९६४ कोटी दाखवलीये, म्हणजे जमा होणाऱ्या शंभर रुपयांतले सहाच्या वर एकट्या या योजनेला जातात. मी एकदा ग्रुपवर आलेला कर्जाचा आकडा न तपासता लिहिला होता, तो चुकीचा निघाला, आणि दुरुस्ती टाकूनसुद्धा कित्येक महिने लोक तोच चुकीचा आकडा माझ्या नावाने सांगत होते. तेव्हापासून मूळ पान समोर उघडं असल्याशिवाय मी आकडा लिहीत नाही. चूक झालीच तर जिथे झाली तिथेच, तारीख टाकून, जुनं वाक्य न पुसता दुरुस्त करा.

आता अवघड भाग. एकच मापटं सगळ्यांना. लेख झाला की पक्षांची नावं अदलाबदल करून मोठ्याने वाचा. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत महायुतीने २,१०० चं आश्वासन दिलं, महाविकास आघाडीने ३,००० चं. तुम्ही फक्त तीन हजारावर चिडला असाल तर तो लेख विचाराचा नाही, पक्षाचा आहे. आणि समोरच्याचा सगळ्यात भक्कम मुद्दा स्वतःच मांडा, कुठल्या तरी वेड्यावाकड्या कार्यकर्त्याचं वाक्य घेऊन झोडपण्यात काही अर्थ नाही. इथे तो मुद्दा असा की पैसे थेट बाईच्या खात्यात जातात, मधे दलाल नाही, आणि गरिबाला वस्तू देण्यापेक्षा रोख द्या असं मिल्टन फ्रीडमनसारखा उजवा अर्थतज्ज्ञही म्हणायचा. याला उत्तर द्यावं लागतंच. माझं उत्तर असं की फ्रीडमनला रोख रक्कम बाकीच्या योजनांच्या जागी हवी होती, आपल्याकडे ती त्यांच्या डोक्यावर चढवली. तुमचं वेगळं असेल, चालेल, पण असलं पाहिजे.

पैशाचं थोडक्यात. पक्षाकडून, आमदाराकडून, त्यांच्या पीआरवाल्याकडून एक रुपया नको, जाहिरातही नको. पक्षाचे सभासद असाल तर तसं उघड लिहा, त्यात लाजण्यासारखं काही नाही, लपवणं वाईट.

कायद्याचं मात्र नीट समजून घ्या. १ जुलै २०२४ पासून बदनामीचं कलम भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पदावरच्या माणसाच्या सार्वजनिक वागण्यावर प्रामाणिकपणे मत देण्याला त्यात सूट आहे, पण "यांनी पैसे खाल्ले" हे मत नाही, तो आरोप आहे आणि त्याला कागद लागतो. घरच्यांवर, जातीवर तर लिहायचंच नाही.

कागद नसेल तर मागवा. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर होतो, ऑनलाइनही होतो. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, म्हणून पाल्हाळ नको. "योजना का फसली" असं विचारू नका, तिथे उत्तर येत नाही. "अमुक तालुक्यात अमुक महिन्यात किती अर्ज मंजूर, किती नामंजूर, नामंजूर करण्याच्या आदेशांच्या प्रती" असं मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे, तिथेही काही झालं नाही तर ९० दिवसांच्या आत माहिती आयोगाकडे दुसरं. आयोगाकडे वेळ लागतो, तोपर्यंत अर्जाची पोच आणि तारखा एका वहीत लिहून ठेवा, पहिल्या अपिलाची मुदत चुकली की बहुतेक वेळा पुन्हा नवीन अर्जापासून सुरुवात करावी लागते.