पदव्युत्तर पातळीवर सूक्ष्म अर्थशास्त्राच्या सिद्धांताचा अभ्यास कसा करावा

पदवीच्या वर्गात सूक्ष्म अर्थशास्त्र बव्हंशी आकृत्यांतून शिकवले जाते. समवृत्ती वक्र आणि त्याला स्पर्श करणारी अंदाजपत्रक रेषा नीट काढता आली, की निम्मे उत्तर हाती येते. पदव्युत्तर अभ्यासक्रमात तोच उपभोक्ता आणि तीच उत्पादनसंस्था पुन्हा भेटतात, पण प्रश्न वेगळे असतात. उपभोक्त्याची पसंती उपयोगिता फलनाने, म्हणजे अधिक पसंतीच्या संचाला मोठी संख्या देणाऱ्या फलनाने, मांडता येते हे कशावरून ठरले? महत्तम उपयोगिता देणारा वस्तुसंच अस्तित्वात असतोच का, आणि असला तर एकच असतो का? सर्व बाजार एकाच वेळी समतोलात आणणाऱ्या किमती सापडतीलच याची खात्री कोणती? या प्रश्नांची उत्तरे प्रमेयांच्या रूपात येतात, आणि प्रत्येक प्रमेय काही गृहीतकांवर उभे असते. म्हणून या विषयाच्या अभ्यासाचा गाभा माझ्या मते एकच आहे: प्रमेय वाचताना कोणते गृहीतक सिद्धतेच्या नेमक्या कोणत्या ओळीत लागले, ते शोधून काढणे आणि ते गृहीतक काढून टाकल्यास काय बिघडते, ते स्वतः उदाहरण रचून पाहणे. बाकीच्या सगळ्या सूचना याच कामाच्या सोयीसाठी आहेत.

गणिताची तयारी

गणित पूर्ण करून मगच अर्थशास्त्राकडे वळायचे असे ठरवणारे विद्यार्थी गणितातच अडकून पडतात. लागणारा भाग मर्यादित आहे: संच आणि अनुक्रम, खुले व बंद संच, कॉम्पॅक्टपणा, सातत्य, कॉन्व्हेक्स संच, अंतर्वक्र व अर्ध-अंतर्वक्र फलने, लग्रांज व कुन-टकर यांच्या अटी, एन्व्हलप प्रमेय आणि विभाजक प्रतलाचे प्रमेय. बर्ज यांचे महत्तम प्रमेय आणि काकुतानी यांचे स्थिरबिंदू प्रमेय अभ्यासक्रमात येतील तेव्हा शिकावे; आधीपासून त्यांच्या सिद्धता पाठ करून काही साधत नाही. मात्र एक कौशल्य पहिल्या आठवड्यापासून हवे, ते म्हणजे 'प्रत्येक' आणि 'किमान एक' या शब्दांनी सुरू होणाऱ्या विधानांचा नकार अचूक लिहिता येणे. प्रतिउदाहरण शोधणे म्हणजे विधानाचा नकार सिद्ध करणेच होय, त्यामुळे नकार चुकला तर पुढचे सर्व श्रम वाया जातात.

व्याख्येपासून प्रतिउदाहरणापर्यंत

पद्धत प्रत्यक्षात कशी चालते, ते अभ्यासक्रमात अगदी आरंभी येणाऱ्या एका प्रमेयावरून पाहू. पसंती पूर्ण (कोणत्याही दोन संचांची तुलना करू शकणारी), संक्रामक (अ हा बपेक्षा आणि ब हा कपेक्षा पसंत असेल, तर अ हा कपेक्षा पसंत असणारी) आणि सातत्यपूर्ण (संचात किंचित बदल झाल्याने अचानक न उलटणारी) असेल तर ती सातत्यपूर्ण उपयोगिता फलनाने दर्शवता येते, असे हे प्रमेय सांगते. वर्गात ते लिहून घेतल्यावर घरी येऊन सातत्याची अट काढून टाकावी आणि काय होते ते पाहावे.

समजा, एखादा उपभोक्ता दोन वस्तूंचे संच शब्दकोशातील शब्दांप्रमाणे लावतो. ज्या संचात पहिली वस्तू जास्त, तो त्याला अधिक पसंत. पहिली वस्तू समान असेल तरच तो दुसरीकडे पाहतो. ही पसंती पूर्ण आहे आणि संक्रामकही आहे. तिला उपयोगिता फलन आहे असे क्षणभर मानू. पहिल्या वस्तूचे प्रमाण क्ष धरले, तर (क्ष, १) या संचापेक्षा (क्ष, २) हा संच पसंत असल्याने दोन्हींच्या उपयोगितांमध्ये अंतर असलेच पाहिजे, आणि त्या अंतरात एक तरी परिमेय संख्या असतेच. आता क्षपेक्षा मोठे दुसरे प्रमाण घेतले, तर त्याच्या जोडीतील दोन्ही संच आधीच्या दोन्ही संचांपेक्षा वरचढ ठरतात, म्हणून दोन प्रमाणांची अंतरे एकमेकांना छेदत नाहीत. याचा अर्थ प्रत्येक वास्तव संख्येला स्वतःची वेगळी परिमेय संख्या मिळते. वास्तव संख्या अगणनीय (एक, दोन, तीन अशा यादीत न मावणाऱ्या) आणि परिमेय संख्या गणनीय (अशा यादीत मावणाऱ्या) असल्यामुळे हे अशक्य आहे.

एवढ्यावर थांबू नये. येथे विद्यार्थ्याने स्वतःला आणखी दोन प्रश्न विचारावेत. पहिला प्रश्न असा की, अगणनीयता कोठे वापरली गेली? वस्तूंचे संच गणनीय असते, तर ही अडचण आलीच नसती; अशा संचांवरील कोणतीही पूर्ण व संक्रामक पसंती उपयोगिता फलनाने दर्शवता येते. दुसरा प्रश्न असा की, सातत्य ही आवश्यक अट आहे की केवळ पुरेशी? ती पुरेशी आहे. सातत्य नसलेली पण तरीही फलनाने दर्शवता येणारी पसंती दोन ओळींत रचता येते. ती स्वतः रचून पाहावी. आवश्यक आणि पुरेशी यांतील फरक ज्याच्या हातात बसला, त्याला पुढील निम्मा अभ्यासक्रम सोपा जातो, असे मी खात्रीने म्हणू शकतो.

सूत्रे हाताने सोडवून पाहणे

उपभोक्त्याच्या सिद्धांतात मार्शल यांची मागणी (उत्पन्न ठरलेले असताना), हिक्स यांची मागणी (उपयोगितेची पातळी ठरलेली असताना), अप्रत्यक्ष उपयोगिता (दिलेल्या किमती व उत्पन्नात मिळणारी महत्तम उपयोगिता) आणि खर्च फलन (ठरलेली उपयोगिता मिळवण्याचा किमान खर्च) अशी चार फलने येतात, आणि त्यांना जोडणारी रॉय यांची नित्यसमानता, शेफर्ड यांचे उपप्रमेय व स्लुत्स्की समीकरण. ही साखळी नुसती वाचून ध्यानात राहत नाही. एक साधे फलन निवडून चारही फलने काढावीत आणि सर्व संबंध अंकांनी पडताळावेत.

उदाहरणार्थ, उपयोगिता दोन वस्तूंच्या गुणाकाराचे वर्गमूळ आहे, उत्पन्न १०० आहे, पहिल्या वस्तूची किंमत २ आणि दुसरीची ८ आहे. उपभोक्ता प्रत्येक वस्तूवर निम्मे उत्पन्न खर्च करतो, म्हणून पहिलीची मागणी २५ आणि दुसरीची ६.२५ येते, उपयोगिता १२.५ भरते. खर्च फलन म्हणजे उपयोगितेची दुप्पट गुणिले दोन्ही किमतींच्या गुणाकाराचे वर्गमूळ, त्यात १२.५ घातले की बरोबर १०० मिळतात. हिक्स यांच्या मागणीतूनही पहिल्या वस्तूसाठी २५ हाच आकडा येतो. आता पहिली किंमत बदलण्याचा दर पाहू. मार्शल यांच्या मागणीतील बदलाचा दर उणे १२.५ आहे; हिक्स यांच्या मागणीतून मिळणारा पर्यायता परिणाम उणे ६.२५ आणि उत्पन्न परिणामही उणे ६.२५. दोन्हींची बेरीज जुळते. एकदा हे आकडे स्वतःच्या हाताने जुळले, की स्लुत्स्की समीकरणातील चिन्हांचा गोंधळ होत नाही.

पण या उदाहरणाने फसूही नये. येथे उत्तर नेहमी अंतर्गत बिंदूवर येते, कारण एखादी वस्तू शून्य झाली की उपयोगिताही शून्य होते. दोन वस्तू परस्परांना पूर्ण पर्याय असलेले फलन घेतले, तर उत्तर कोपऱ्यात जाते, सीमांत प्रतिस्थापन दर आणि किमतींचे गुणोत्तर समान असण्याची परिचित अट तुटते आणि कुन-टकर यांच्या असमानता कशासाठी आहेत ते कळते. परीक्षेत कोपऱ्यातील उत्तर तपासायचे राहून गेल्याने जाणारे गुण ही अगदी नेहमीची बाब आहे.

आकृत्यांविषयीही सावध राहावे. कागदावर दोनच वस्तू मावतात, आणि काही निष्कर्ष दोन वस्तूंपुरतेच खरे असतात. सॅम्युएलसन यांनी १९३८ साली मांडलेल्या प्रकट पसंतीच्या विचारातून आलेले दुर्बल तत्त्व (एक संच परवडत असताना दुसरा निवडला, तर दुसरा परवडत असताना पहिला निवडू नये) दोन वस्तू असताना मागणीमागे सुसंगत पसंती असल्याची खात्री देते. तीन वस्तू झाल्या की ते पुरत नाही, निवडी वर्तुळाकार फिरू शकतात, आणि हाउथाकर यांचे १९५० सालचे सबल तत्त्व लागते.

पुस्तके आणि प्रश्नसंच

मास-कोलेल, व्हिन्स्टन आणि ग्रीन यांचे १९९५ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक अनेक विद्यापीठांत मुख्य पाठ्यपुस्तक म्हणून वापरले जाते. त्याचे पाच भाग आहेत आणि ते सलग वाचण्याचा प्रयत्न केल्यास दमछाक होते. व्याख्यानापूर्वी त्यातील संबंधित प्रकरणाच्या व्याख्या आणि प्रमेयांची विधाने तेवढी वाचावीत, सिद्धता व्याख्यानानंतर वाचाव्यात. जोडीला दुसरे एकच पुस्तक ठेवावे: जड वाटत असेल तर जेली व रेनी यांचे, आणि संकल्पनांमागील विचार हवा असेल तर क्रेप्स किंवा रुबिन्स्टाइन यांचे. चार पुस्तके उघडून ठेवणाऱ्याचा वेळ चिन्हांची जुळवाजुळव करण्यातच जातो.

खरा अभ्यास प्रश्नसंचांवर होतो. प्रत्येक प्रश्नाशी आधी एकट्याने झुंजावे, नंतर गटात चर्चा करावी आणि शेवटी उत्तर पुन्हा एकट्याने, चर्चेची टिपणे बाजूला ठेवून, लिहावे. हा तिसरा टप्पा बहुतेक जण गाळतात. गटात सगळे कळल्यासारखे वाटते, पण लिहायला बसल्यावर 'स्पष्टच आहे की' असे जेथे लिहावेसे वाटते, नेमकी तेथेच पोकळी असते. तयार उत्तरे उपलब्ध असली तरी पूर्ण प्रयत्न लिहून झाल्याशिवाय ती उघडू नयेत, कारण एकदा वाट दिसली की ती स्वतः शोधण्याची संधी त्या प्रश्नापुरती कायमची जाते. अडल्यास प्रश्न लहान करावा: दोन उपभोक्ते, दोन वस्तू, रेषीय उपयोगिता. लहान रूपात उत्तर मिळाले, की सर्वसाधारण सिद्धतेत कोणती पायरी नव्याने लागेल ते दिसू लागते.

पुढील विषयांत हाच प्रश्न

अनिश्चिततेतील निवडीचा भाग तुलनेने लहान आहे. फॉन नॉयमन आणि मॉर्गेनस्टर्न यांच्या अपेक्षित उपयोगितेच्या प्रमेयात स्वातंत्र्याचे तत्त्व (दोन पर्यायांत सारखाच तिसरा पर्याय मिसळल्याने त्यांचा पसंतीक्रम बदलू नये) कोठे लागते ते पाहावे आणि अॅले यांनी १९५३ साली मांडलेल्या विरोधाभासात नेमके तेच तत्त्व कसे मोडते ते पडताळावे.

गेम थिअरीत बहुतेक चुका व्यूहनीतीच्या व्याख्येतून होतात. व्यूहनीती म्हणजे खेळाडूला ज्या ज्या माहिती-संचावर खेळावे लागू शकते, त्या प्रत्येक ठिकाणी काय करायचे याची संपूर्ण योजना. स्वतःच्या पहिल्याच चालीने खेळ संपत असला, तरी पुढे पोहोचलो असतो तर काय केले असते, तेही तीत सांगावे लागते. म्हणून दोन ठिकाणी प्रत्येकी दोन पर्याय असणाऱ्या खेळाडूच्या व्यूहनीती चार असतात. हे अनावश्यक वाटते, पण उपखेळ-परिपूर्ण समतोलाची (खेळाच्या प्रत्येक उपखेळातही समतोल राहणाऱ्या योजनांची) कल्पना या न खेळल्या गेलेल्या चालींवरच उभी आहे.

सामान्य समतोलाचा भाग मला सर्वांत सुंदर वाटतो, आणि गृहीतकांचा माग काढण्याचा सराव करण्यास त्याहून चांगली जागा नाही. कल्याणाचे पहिले प्रमेय घ्या: स्पर्धात्मक समतोलातील वाटप कार्यक्षम असते, म्हणजे कोणाचेही नुकसान न करता कोणाला अधिक पसंतीचे काही देता येत नाही. स्पर्धात्मक समतोलातील वाटपापेक्षा दुसरे एखादे शक्य वाटप कोणाचेही नुकसान न करता किमान एकाला अधिक पसंत पडणारे आहे असे मानू. ज्याला ते अधिक पसंत आहे, त्याला ते समतोलाच्या किमतींना परवडत नव्हते, अन्यथा त्याने तेच घेतले असते. बाकीच्यांना ते निदान तितकेच पसंत असल्याने ते त्यांच्या उत्पन्नापेक्षा स्वस्त असू शकत नाही. येथे स्थानिक अतृप्तीचे गृहीतक लागले, कारण स्वस्त असते तर उरलेल्या पैशांत जवळपासचा अधिक पसंतीचा संच घेता आला असता. सर्वांची बेरीज केली, की नव्या वाटपाचे मूल्य एकूण साठ्याच्या मूल्यापेक्षा जास्त येते, आणि शक्य वाटपाच्या बाबतीत ते होऊ शकत नाही.

येथे पसंती कॉन्व्हेक्स असण्याची (म्हणजे दोन सारख्याच पसंतीच्या संचांचे मिश्रण त्यांच्याइतके तरी पसंत असण्याची) गरज कोठेही पडली नाही. ती दुसऱ्या कल्याण प्रमेयात (कार्यक्षम वाटप योग्य पुनर्वाटपानंतर समतोल म्हणून मिळवता येते, असे सांगणाऱ्या) पडते, कारण तेथे किमती विभाजक प्रतलातून मिळवाव्या लागतात. अॅरो आणि डेब्रू यांच्या १९५४ सालच्या अस्तित्वाच्या सिद्धतेतही ती लागते. आणखी एक गृहीतक पहिल्या प्रमेयात न बोलता वापरले गेले: बेरीज सांत होती. पिढ्या आणि कालखंड अनंत असतील, तर साठ्याचे एकूण मूल्यच अनंत होऊ शकते आणि युक्तिवाद कोसळतो. सॅम्युएलसन यांच्या १९५८ सालच्या परस्परव्यापी पिढ्यांच्या प्रतिमानात समतोल अकार्यक्षम ठरू शकतो, तो यामुळेच.

असमान माहितीच्या विषयाकडे येईपर्यंत मूळ शोधनिबंध वाचण्याची तयारी झालेली असते. अकरलॉफ यांचा १९७० सालचा जुन्या मोटारींच्या बाजारावरील निबंध छोटा आहे आणि त्यापासून सुरुवात करावी. त्यानंतर स्पेन्स यांचे १९७३ सालचे संकेतनाचे काम आणि रॉथशिल्ड व स्टिग्लिट्झ यांचा १९७६ सालचा विमा बाजारावरील निबंध वाचावा. विमा बाजारात समतोल कधीकधी अस्तित्वातच नसतो. कमी जोखमीच्या ग्राहकांचे लोकसंख्येतील प्रमाण वाढवत जाऊन तो केव्हा नाहीसा होतो, ते आकृती काढून शोधावे.

परीक्षेची तयारी

सर्वसमावेशक परीक्षेपूर्वी प्रत्येक मोठ्या प्रमेयासाठी एक कागद करावा. वर विधान, मध्ये सिद्धतेचा सांगाडा, प्रत्येक पायरीसमोर तेथे लागणारे गृहीतक, आणि खाली प्रत्येक गृहीतकासाठी एक प्रतिउदाहरण. असे वीस-पंचवीस कागद पुरतात. हे कागद स्वतः तयार करावेत; दुसऱ्याने केलेले वापरून उपयोग होत नाही. त्यानंतर मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका वेळ लावून, पुस्तके मिटून सोडवाव्यात. एखादा प्रश्न पूर्ण सुटला नाही, तरी व्याख्या अचूक लिहाव्यात, कोणते विधान सिद्ध करायचे आहे ते स्पष्ट मांडावे आणि कोणत्या पायरीवर कोणते गृहीतक कमी पडते आहे ते नोंदवावे. अशा उत्तरावरून परीक्षकाला विद्यार्थी कोठपर्यंत पोहोचला आहे ते नेमके समजते, आणि तेवढ्या भागाचे गुण देणे त्यांना शक्य होते.