हँग होणारा आणि सुरू न होणारा संगणक: दोष कसा शोधावा

काम करता करता संगणक हँग होतो, बंद करून पुन्हा लावावा तर सुरूच होत नाही, आणि अशा वेळी बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो विंडोज नव्याने टाकण्याचा. तो काही काळ बाजूला ठेवावा. संगणक सुरू होताना आधी वीजपुरवठा, मग मदरबोर्डची (सर्व भाग ज्याला जोडलेले असतात त्या मुख्य बोर्डाची) स्वतःची तपासणी, मग डिस्कचा शोध आणि सर्वांत शेवटी विंडोज असा क्रम असतो. गाडी यांपैकी कोठे अडते हे कळले की शोधाचा बराचसा भाग उरकतो.

हँग झाल्याबरोबर लगेच वीज तोडू नये. कीबोर्डवरील कॅप्स लॉक दाबून पाहावे. त्याचा दिवा लागत-विझत असेल, तर यंत्र जागे आहे आणि बहुधा एखादा प्रोग्राम किंवा ग्राफिक्स ड्रायव्हर (पडद्यावरचे चित्र हाताळणारे सॉफ्टवेअर) अडकला आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून तो प्रोग्राम बंद करता येतो. केवळ चित्र गोठले असेल, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या कळा एकत्र दाबल्यास ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. दिवा ढिम्म असेल, तर पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरण्यावाचून गत्यंतर नसते. मात्र त्याआधी डिस्कचा दिवा सतत पेटलेला आहे का, हे पाहावे, आणि तसा असल्यास दहा मिनिटे थांबावे. सुरू केल्यापासून किती वेळाने आणि कोणते काम चालू असताना यंत्र थांबले, हे कागदावर लिहून ठेवावे.

बटण दाबूनही दिवा नाही, पंखा नाही, अशी अवस्था असेल, तर त्याच सॉकेटमध्ये दुसरे उपकरण लावून पाहावे आणि पेटीच्या मागे एसएमपीएसचा, म्हणजे आतील भागांना वीज पुरवणाऱ्या भागाचा, छोटा स्विच बंद राहिलेला नाही ना, याची खात्री करावी. (या पेटीला आपण सरसकट सीपीयू म्हणतो, खरा सीपीयू म्हणजे तिच्या आतली एक चिप.) लॅपटॉप असल्यास अ‍ॅडॅप्टर काढून, आणि बॅटरी निघणारी असल्यास तीही काढून, बटण अर्धा मिनिट दाबून धरावे आणि मग केवळ अ‍ॅडॅप्टरवर सुरू करून पाहावे. एसएमपीएस बिघडला असल्यास तो बदलावा, पण उघडू मात्र कधीही नये, कारण वायर काढल्यानंतरही त्याच्या कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार राहू शकतो.

पंखे फिरतात पण स्क्रीन काळीच राहते, हा प्रकार अधिक आढळतो. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असताना मॉनिटरची केबल चुकून मदरबोर्डच्या पोर्टमध्ये लावली गेली आहे का, हे आधी पाहावे. बीप ऐकू येत असतील तर ते मोजावेत. त्यांचा अर्थ बायॉसनुसार (मदरबोर्डवरील, यंत्र सुरू करणाऱ्या प्रोग्रामनुसार) बदलतो आणि मदरबोर्डच्या पुस्तिकेत दिलेला असतो. त्यानंतर रॅमकडे, म्हणजे चालू कामाची माहिती तात्पुरती ठेवणाऱ्या मेमरीकडे, वळावे. वायर काढून पॉवर बटण एकदा दाबावे, म्हणजे उरलेला विद्युतभार निघून जातो. पेटीच्या रंग नसलेल्या धातूला हात लावावा आणि मग दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या सोडवून रॅमची पट्टी कडेला धरून काढावी. तिच्या सोनेरी कडेवरून पांढरे, स्वच्छ खोडरबर अलगद फिरवावे, त्याचा भुगा नीट झटकावा आणि खाच जुळवून पट्टी खिट्टीचा ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबावी. दोन पट्ट्या असतील तर एका वेळी एकच लावून पाहावी. रॅम बदलल्यावर काही मदरबोर्डांना पहिल्यांदा सुरू व्हायला मिनिट-दोन मिनिटे लागतात. तेवढा धीर धरावा.

याविषयी मी इतके लिहितो आहे, कारण मी स्वतः या बाबतीत फसलो आहे. माझा संगणक सतत हँग होत होता म्हणून मी दोनदा विंडोज टाकले. तिसऱ्या वेळी टाकतानाच यंत्र थांबले, तेव्हा कोठे एक पट्टी काढून पाहण्याचे सुचले आणि त्याच क्षणी दुखणे थांबले.

तारीख दर वेळी जुनी दिसत असेल आणि बायॉसमधील सेटिंग पुसली जात असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्यासारखा ३ व्होल्टचा सेल, बहुधा सीआर २०३२, बदलावा.

कंपनीचे चिन्ह दिसते आणि पुढे डिस्क सापडत नसल्याचा संदेश येतो, तेव्हा लावून राहिलेला पेन ड्राइव्ह आधी काढावा. मग बायॉसमध्ये डिस्कचे नाव दिसते का, ते पाहावे. दिसत नसल्यास तिची केबल काढून पुन्हा घट्ट बसवावी. हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर दुरुस्तीचा एकही प्रयत्न न करता यंत्र बंद करावे, आणि आतील माहिती मोलाची असल्यास ते पुन्हा सुरूही न करता माहिती परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे न्यावे. आवाज नसेल, तर दुसऱ्या संगणकावर लिनक्सचा पेन ड्राइव्ह तयार करून त्यावरून यंत्र सुरू करावे आणि फाइली आधी बाहेर काढाव्यात. डिस्कमधील दोष तपासणारे विंडोजचे चेक डिस्क त्यानंतर चालवावे, कारण मरणासन्न डिस्कवर त्याचा ताण पडतो. डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणारे विंडोजचे बिटलॉकर चालू असल्यास त्याची रिकव्हरी की जवळ हवी.

विंडोजचे गोल चक्रच फिरत राहत असेल, तर लागोपाठ दोन-तीन वेळा सुरुवात फसल्यावर विंडोज १० आणि ११ स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखवतात. तेथे स्टार्टअप रिपेअर करून पाहावे, नंतर अलीकडचे अपडेट काढावे आणि मग सेफ मोड, म्हणजे केवळ आवश्यक ड्रायव्हरसह विंडोज सुरू करण्याची पद्धत, निवडावा. सेफ मोडमध्ये यंत्र सुरळीत चालले, तर संशय नव्या ड्रायव्हरवर किंवा प्रोग्रामवर घ्यावा.

दर वेळी वीस-पंचवीस मिनिटांनी हँग होऊन थंड झाल्यावर पुन्हा नीट सुरू होणाऱ्या यंत्रात मात्र बहुधा उष्णतेचा प्रश्न असतो. पंख्याखालच्या हीटसिंकच्या (चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांमध्ये धुळीचा नमद्यासारखा थर बसतो, जो वरून दिसतही नाही. यंत्र बंद असताना पंखा बोटाने धरून ती धूळ उडवावी, आणि हीटसिंक काढलाच तर त्याच्या आणि चिपच्या मधली, उष्णता वाहून नेणारी जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावल्याशिवाय तो परत बसवू नये.

एवढे करूनही यंत्र हलले नाही, तर ते दुरुस्तीला देताना तो लिहून ठेवलेला कागद सोबत द्यावा, आणि डिस्कवरील माहिती हवी असल्यास ‘विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये’ असे पावतीवर लिहून घ्यावे.