घोडा ‘मस्ती’ करतोय? मारण्याआधी या चुका टाळा

येवल्याच्या बाजारातून हौसेने घोडा आणला, नाशिकच्या गंगापूर रोडकडच्या मळ्यात बांधला आणि आठवडाभरात रड सुरू: “जीन बघितलं की चावायला धावतो.” यावर गावोगाव एकच सल्ला मिळतो. मस्ती आलीय, दोन ठेवून दे. माझ्या मते हे निदान दहातल्या आठ वेळा चुकतं.

दुखण्याला खोड समजणं

तंग (जिनाचा पोटाखालचा पट्टा) आवळताना कान मागे पाडतो, शेपूट झटकतो? जीन उतरवून पाठीवरून तळहात दाबत न्या. कातडी थरथरली, पाठ खाली गेली, तर जीन लागतंय. दाढांच्या कडा धारदार होऊन गालही कापले जातात, म्हणून दात पशुवैद्याला दाखवा.

मग पोट. घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास पाझरतं, कारण मोकळा घोडा दिवसाचे १६ तासही चरतो. आपण सकाळ-संध्याकाळ तोबरा लावतो आणि मधे त्याला उपाशी उभा करतो. मग जठरात व्रण होतात, तो लाकूड चावत बसतो, चिडका होतो. ‘मस्ती उतरवायला’ चंदी (दाणा) कमी केली तर चालेल, वैरण कमी करू नका. लोळतोय, घाम फुटलाय, लीद बंद आहे, तर पोटशूळ समजा. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे घरगुती काढे पाजत बसू नका, डॉक्टर बोलवा.

लगाम सोडायला उशीर

घोडा ओढण्याने शिकत नाही, ओढ सुटते त्या क्षणाने शिकतो. तो थांबला की त्याच क्षणी हात सैल. नवशिके थांबलेल्या घोड्यालाही ओढूनच धरतात. मग थांबून फायदा काय, असं घोड्याचं होतं, आणि तोंड बधिर झाल्यावर मालक काटेरी लगाम शोधतो. त्याला ओझ्याच्या जनावरांवरची क्रूरता रोखणाऱ्या १९६५ च्या नियमांनीच बंदी आहे. उलटंही होतं: घोडा अडला, घाबरून आपण उतरलो, की अडल्यावर सुट्टी मिळते हे तो पक्कं करतो.

मागून गुपचूप जाणं

त्याला जवळपास सगळीकडचं दिसतं, फक्त कपाळासमोरचं आणि थेट शेपटीमागचं नाही. आवाज देत खांद्याच्या बाजूने जा. दुगाणीचं कारण बहुतेकदा एवढंच.

भीतीला नाच म्हणणं

पंचवटीतल्या अरुंद गल्लीत वरात, पुढे डीजे, आणि लोक म्हणतात घोडा काय नाचतोय! मान ताठ, डोळ्याचा पांढरा भाग बाहेर, पाय एका जागी ठरत नाहीत. नवरदेवाला उतरवून चालत न्या. (वऱ्हाडी रुसतील, रुसू देत.) मारवाडी घोड्याच्या कानांची टोकं आत वळलेली असल्याने तो सदा सावध वाटतो. तिथे कानांबरोबर नाकपुड्या आणि जबडाही बघा.

एकटा बांधणं

हा कळपातला जीव. एकटा डुलत राहतो, दाराशी फेऱ्या घालतो. दुसरा घोडा परवडत नसेल तर शेळी बांधा, पुष्कळ घोडे तिच्या सोबतीनेही निवांत होतात. चंदीचं घमेलं मात्र उंचावर ठेवा, शेळी आधी पोचते.