युरोपियन की अमेरिकन लॉबस्टर? ओळख, निवड आणि शिजवण्याची वेळ

शिजल्यावर दोन्ही लालभडक होतात, म्हणून ओळख कच्च्यातच पटवून घ्यावी. युरोपियन लॉबस्टर गडद निळा, कडेने पिवळसर ठिपक्यांचा. अमेरिकन हिरवट-तपकिरी, नांग्या खालून नारिंगी. पण निळा अमेरिकनही क्वचित सापडतो, तेव्हा नुसत्या रंगावर जाऊ नका. डोळ्यांमधून पुढे आलेल्या टोकाच्या खालून बोट फिरवा: काटा लागला तर अमेरिकन, नाही लागला तर युरोपियन.

युरोपियनचं मांस जास्त घट्ट, आणि किंमतही बरीच जास्त. त्याला लोणी, लिंबू आणि फार तर थोडा लसूण पुरे. चीज घातलेल्या दाट सॉसमध्ये तो बुडवणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी; तिथे अमेरिकन उत्तम चालतो. सूप, पास्ता, पावात भरायचं सारण यांनाही तोच घ्या.

खरा फरक मात्र जातीपेक्षा कवचामुळे पडतो. कात टाकून थोडेच दिवस झालेल्या लॉबस्टरचं कवच दाबलं की दबतं. आत मांस कमी, पाणी जास्त. अमेरिकनमध्ये असा माल उन्हाळ्यापासून शरदापर्यंत भरपूर येतो. तो गोड आणि सोलायला सोपा असतो, पण माणशी ५०० ग्रॅम धरत असाल तर ६५०–७०० ग्रॅम धरा.

लॉबस्टर जिवंतच हवा; मेल्यावर त्याच्याच पाचकरसांनी मांस पिठूळ होतं. अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवून तो सुन्न करा, गोठवू नका. लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ घालून पाणी खळखळून उकळा. पातेलं मोठं घ्या, नाहीतर पाणी थंड पडून वेळेचा हिशेब चुकतो. कडक कवचाच्या ५०० ग्रॅमला ८–९ मिनिटं, ७०० ग्रॅमला ११. दोन्ही जातींना हेच. मऊ कवच असेल तर २ मिनिटं कमी.

शेपटी नांग्यांआधी शिजते, म्हणून अख्खा उकळला की ती चिवट होण्याची भीती. युरोपियनचं मूळचं घट्ट मांस तर लगेच रबरासारखं लागतं. म्हणून लॉबस्टर मारल्यावर शेपटी आणि नांग्या वेगळ्या करून उकळा: शेपटी ५ मिनिटं, नांग्या ७–८. शेपटीच्या मध्यभागी ६० अंश सेल्सिअस भरले की लगेच बाहेर काढा. थंड वाढायचा असेल तरच बर्फाच्या पाण्यात टाका.

मादीतली काळपट गाबोळी शिजून लाल झाली की लोण्यात घोटून सॉसला घ्या. डोक्यातल्या हिरव्या गोळ्याला चव असते, पण समुद्री शेवाळातलं विष तिथेच साठतं. तो टाकून दिलेला बरा.