मांजर लिटर बॉक्सबाहेर शू करू लागलं, तर काय काय तयार ठेवायचं

गादी ओली दिसली की हात आधी फडक्याकडे जातो. थोडं थांबा, आधी मांजराकडे बघा. लिटर बॉक्समध्ये, म्हणजे त्याच्या शू-शीसाठी खडी किंवा माती (लिटर) भरून ठेवलेल्या डब्यात, जाऊन बसतंय का, कुंथतंय का, दोन थेंब तरी पडतायत का? बोका असेल, पुन्हा पुन्हा बसूनही काही होत नसेल, तो कण्हत असेल, सारखा शूची जागा चाटत असेल, उलट्या करत असेल, तर पुढचं काहीही न वाचता दवाखाना गाठा. रात्रीचे दोन वाजले असले तरी. बोक्यांची मूत्रनलिका फार अरुंद असते. त्यात बारीक खडे किंवा चिकट गोळा अडकला की लघवी तुंबते, रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. कुंथणं बघून बऱ्याच घरांत बद्धकोष्ठ झालं असं समजतात आणि तेल पाजत बसतात. त्यात हातातली वेळ निघून जाते.

म्हणून यादीतली पहिली तयारी मांजर धडधाकट असतानाच करायची. फोनमध्ये दोन नंबर हवेत, एक नेहमीच्या डॉक्टरांचा आणि एक रात्रीअपरात्री मांजर तपासणाऱ्या दवाखान्याचा. नुसता नंबर साठवून भागत नाही. फोन करून स्पष्ट विचारा, बोक्याची लघवी तुंबली तर नळी घालायची सोय आहे का आणि रात्री डॉक्टर असतात का. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडचं बैलघोडा हॉस्पिटल, पुष्कळांना ठाऊक असतं. बाकी गावांत आपला आपण शोध घेऊन ठेवावा लागतो. न्यायची पेटीही माळ्यावर टाकू नका. दार उघडं ठेवून, आत जुनी गोधडी घालून ती घरात राहू द्या, म्हणजे ऐनवेळी मांजर तिला घाबरत नाही. रिक्षात मांडीवर घेऊन जाणं धोक्याचं आहे, दुखणाऱ्या मांजराला हॉर्न सहन होत नाही.

आणि माणसांच्या गोळ्या त्याच्यापासून लांब ठेवा. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

आमच्या तांबूने गणपतीच्या दिवसांत अंथरुणावर शू करायला सुरुवात केली. घरात पाहुणे, आरत्या, बाहेरच्या खोलीत सतत ये-जा. तो रागावलाय, हट्टाला पेटलाय असं आम्ही चार दिवस म्हणत राहिलो. पाचव्या दिवशी पांढऱ्या चादरीवर गुलाबी डाग दिसला. त्याच्या लघवीतून रक्त जात होतं, ते चारही दिवस त्याला आग होत होती. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते, मांजर सूड म्हणून गादी ओली करत नाही. बॉक्समध्ये बसल्यावर दुखलं की ते दुखणं बॉक्समुळेच होतंय असं त्याला वाटतं, आणि ते दुसरी मऊ जागा शोधतं.

डॉक्टरांकडे जाताना सोबत काय न्यायचं? एका कागदावर लिहून न्या की कधीपासून होतंय, कुठे होतंय, शू थोडीथोडी अनेकदा होते की एकदम भरपूर, पाणी जास्त पितंय का, खाणं किंवा लिटर बदललंय का, घरात नवं कोणी आलंय का. बसल्या-बसल्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, शब्दांत सांगून जे कळत नाही ते त्यात दिसतं. लघवीचा नमुना मागतील. त्यासाठी बॉक्स स्वच्छ धुऊन, कोरडा करून रिकामाच ठेवा, किंवा त्यात मत्स्यालयात घालतात ती गुळगुळीत खडी धुऊन पसरा. सुई नसलेल्या सिरिंजने लघवी ओढून कोऱ्या डबीत भरायची आणि शक्य तितक्या लवकर पोचवायची, उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवायची. त्यात खडे, रक्त, साखर, मूत्रपिंडांचं काम यांचा अंदाज येतो, गरज वाटली तर सोनोग्राफी होते. तरुण मांजरांत अनेकदा जंतुसंसर्ग नसतोच. मूत्राशयाला सूज असते आणि तिच्यामागे बरेचदा ताण असतो. तांबूचंही तेच निघालं. म्हणून मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणून देऊ नका. म्हाताऱ्या मांजराची गोष्ट वेगळी असते. त्याचे सांधे दुखत असतात आणि बॉक्सची उंच कड ओलांडणं नको होतं. अशा वेळी एका बाजूची कड कापून चार बोटांवर आणायची आणि कापलेली धार घासून घ्यायची.

आता बॉक्सकडे वळू. दुकानातले बहुतेक बॉक्स लहान असतात. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत मांजर मोजा आणि त्याच्या दीडपट लांबीचा टब आणा. भांड्यांच्या दुकानातला कपडे भिजवायचा पसरट टब पुरतो आणि स्वस्तही पडतो. झाकणाचा बॉक्स असेल तर झाकण काढून बघा, आत वास कोंडतो. जितकी मांजरं त्याहून एक बॉक्स जास्त हवा, म्हणजे एका मांजराला दोन. पण ते शेजारी-शेजारी ठेवले तर मांजराच्या लेखी तो एकच बॉक्स. दोन मांजरं असतील तर एक दुसऱ्याची वाट अडवून बसतं का, तेही पाहा.

जागा निवडताना आपल्या फ्लॅटांत फारसा वाव नसतो, हे खरं. तरी वॉशिंग मशीनच्या शेजारी ठेवू नका. शू करताना मशीन एकदा गरगरलं की मांजर ती जागा कायमची सोडू शकतं. ड्राय बाल्कनी आठ महिने चांगली, पण पावसाळ्यात तिथलं लिटर दमट होऊन त्याचा चिखल होतो. जूनमध्ये बॉक्स आत घ्यायचाच, असं मनाशी ठरवून ठेवा. खाण्याची वाटी मात्र लांब हवी.

लिटर बिनवासाचं घ्या. लव्हेंडरचा वास आपल्यासाठी असतो, त्याच्या नाकाला तो झोंबतो. ओल लागली की गोळे धरणारं बारीक बेंटोनाइट, म्हणजे एक प्रकारची चिकणमाती, बहुतेक मांजरांना आवडतं. त्याचा थर दोन इंच हवा. ब्रँड बदलायचा असेल तर जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत आठ-दहा दिवस घ्या. रस्त्यावरून आणलेल्या मांजराला सुरुवातीला कोरडी माती किंवा वाळू द्यायला हरकत नाही, त्याच्या पायांना तीच ओळखीची असते. ते मोरीतच जात असेल तर त्याला गुळगुळीत जागा पसंत आहे. रिकामा बॉक्स मोरीत ठेवा आणि लिटर चमचा-चमचा वाढवत न्या. दिवसातून दोनदा गोळे काढायचे. आठवड्यातून एकदा बॉक्स साध्या साबणाने धुवायचा.

साफसफाईचं सामान मी वेगळ्या बादलीत ठेवते. त्यात एन्झाइम असलेलं, पाळीव प्राण्यांच्या डागांसाठीचं क्लीनर, जुने टॉवेल, वर्तमानपत्रं, रबरी हातमोजे आणि नोटा तपासायला वापरतात ती जांभळ्या प्रकाशाची टॉर्च आहे. दिवे घालवून टॉर्च फिरवली की वाळलेली शू पिवळट-हिरवट चमकते, आणि आपल्याला ठाऊक नसलेल्या जागाही सापडतात. सोफ्याच्या मागे मला तीन सापडल्या. लघवीतल्या युरिक आम्लाचे कण साध्या पाण्यात नीट विरघळत नाहीत. म्हणून वास गेला असं वाटतं, आणि पावसाळी हवेत तो परत येतो. मांजर त्या वासामागे पुन्हा तिथेच जातं.

गादीवर झालं तर आधी टॉवेल दाबून ओल शोषून घ्या, चोळू नका. मग गार पाणी आणि पुन्हा टॉवेल. त्यानंतर क्लीनर असं ओता की ते शू जितकी खोल गेली तितकंच आत जाईल. बाटलीवर लिहिलेला वेळ ते ओलं राहू द्या, मग कडक उन्हात टाका. गरम पाणी आणि इस्त्री टाळा. क्लीनर मिळेपर्यंत पाणी घातलेलं व्हिनेगर चालतं. पुढचा महिनाभर गादीवर मेणकापड पसरून वर चादर घाला. लहान बाळाच्या घरात जे चालतं तेच इथे चालतं.

फिनाईल मात्र बंद. त्यातला फिनॉलचा अंश पचवायला मांजराच्या यकृताला जमत नाही, आणि लादीवर चालून ते पंजे चाटतं. घरकामाला येणाऱ्या मावशींना हे कारणासकट सांगा, नुसतं "नको" म्हटलं तर सवयीने बाटली हातात येतेच. ब्लीचही नको, लघवीवर पडलं की त्यातून घातक वायू निघतो.

मांजर उभं राहून, शेपटी थरथरवत भिंतीवर किंवा पडद्यावर थोडीशी धार सोडत असेल, तर तो हद्द राखण्याचा प्रकार आहे. नसबंदी झालेली नसेल तर करून घ्या, बहुतेक बोक्यांत त्याने ते थांबतं.

घरच्यांशी बोलणं हीसुद्धा तयारीच आहे. नाक शूत घासायचं नाही, ओरडायचं नाही, चप्पल उगारायची नाही. भीतीने ते लपून शू करायला लागतं, आणि मग आजारी पडलं तरी कळत नाही. घरात गरोदर बाई असेल तर लिटर दुसऱ्याने काढावं, आणि रोज काढावं, कारण टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची अंडी विष्ठेतून बाहेर पडल्यावर घातक व्हायला किमान एक दिवस लागतो.

एवढं जमलं की एक शांत खोली रिकामी करा. एका टोकाला बॉक्स, दुसऱ्या टोकाला पाणी, खाणं, झोपायला त्याची गोधडी. काही दिवस मांजर तिथेच राहील, तुम्ही मधूनमधून जाऊन बसा. ओलं खाणं द्या, त्यातून पाणी पोटात जातं. बॉक्सचा वापर नीट सुरू झाला की दार उघडा, एकावेळी एकच खोली. जिथे शू व्हायची ती जागा धुऊन झाल्यावर तिथे त्याची खाण्याची वाटी ठेवा, खाण्याच्या जागी मांजर सहसा शू करत नाही.

शेवटी एक पेन्सिल. रोज गोळे किती निघाले ते कॅलेंडरच्या चौकोनात लिहायचं. तांबूचे रोज तीन असतात. मार्चमध्ये एका दिवशी एकच निघाला आणि तोही सुपारीएवढा. आम्ही त्याच संध्याकाळी पेटी उचलली.